वाढ खरी, पण मुद्दलाचे काय?

इंडोनेशियाचे स्थूल देशांतर्गत उत्पादन १९७१ ते १९८४ या काळात दरवर्षी सरासरी ७.१ टक्क्यांनी वाढले, असे त्या देशाचे अधिकृत आकडे सांगत होते. कोणत्याही विकसनशील देशाला हेवा वाटावा असा हा वेग. १९८९ साली वॉशिंग्टनच्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट या संस्थेतील रॉबर्ट रेपेटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक छोटेखानी अहवाल प्रसिद्ध केला. अधिकृत आकडे खोटे आहेत, असे त्यांचे म्हणणे नव्हते. त्यांनी तेच आकडे घेतले आणि त्यांतून तीन गोष्टींची झीज वजा केली : जमिनीखालचे तेल, जंगलातले लाकूड आणि जावा बेटावरच्या डोंगरउतारांची माती. वाढीचा दर उरला ४ टक्के.

मग मधले तीन टक्के गेले कुठे? ते कुठे गेले नव्हते. मुद्दल खर्चून ते आले होते. दहा एकर जमीन असलेला एखादा शेतकरी दरवर्षी एक एकर विकू लागला, तर त्याच्या हातात पैसा खेळेल, घरावर पत्रे जाऊन स्लॅब येईल, मुलीचे लग्न थाटात होईल. गाव म्हणेल, बरे चालले आहे. परंतु जमिनीच्या विक्रीची रक्कम तो ‘उत्पन्न’ म्हणून वहीत मांडू लागला, तर त्याचा हिशेब चुकला असेच आपण म्हणू. देशांचे हिशेब मात्र पाऊण शतक याच पद्धतीने मांडले गेले, आणि तेही नामवंत अर्थशास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली. हे कसे घडले आणि ते दुरुस्त करण्याचे कोणते प्रयत्न झाले, तो इतिहास पाहण्यासारखा आहे.

विज्ञानाच्या शिक्षकांना यातला मूळ मुद्दा नवा नाही. टाकीत किती पाणी आहे हा साठा, आणि नळातून दर मिनिटाला किती लिटर पडते हा प्रवाह. नळ पूर्ण सोडला की प्रवाह वाढतो, पण टाकीबद्दल तो काहीच सांगत नाही. राष्ट्रीय उत्पन्न हा प्रवाह आहे. तो टिकेल की नाही हे कळायचे असेल, तर साठ्याकडे पाहावे लागते. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जॉन हिक्स यांनी १९३९ सालच्या आपल्या ग्रंथात उत्पन्नाची जी व्याख्या केली, तिचा आशय हाच आहे : ठरावीक काळात माणसाला जास्तीत जास्त जेवढे खर्च करता येईल आणि तरीही काळाच्या शेवटी तो सुरुवातीइतकाच सुस्थितीत राहील, तेवढे त्याचे उत्पन्न. या व्याख्येप्रमाणे मुद्दलाला हात लागला की तेवढा भाग उत्पन्नात धरताच येत नाही.

आपल्या देशात राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याचा पहिला प्रयत्न झाला तो अशाच एका शंकेतून. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गणित आणि भौतिकी शिकवलेले दादाभाई नौरोजी यांनी १८६७-६८ सालासाठी हिशेब मांडला आणि माणशी वर्षाला सुमारे वीस रुपये हा आकडा काढला. कैद्याच्या अन्नवस्त्राला किती खर्च येतो, याच्याशी त्यांनी तो ताडून पाहिला. रेल्वे वाढते आहे, निर्यात वाढते आहे, मग देश गरीब का, हा त्यांचा प्रश्न होता; आणि संपत्तीचा झरा बाहेर वाहून जातो आहे, हे त्यांचे उत्तर होते. म्हणजे मोजमापाच्या जन्मापासूनच ‘वाढते काय आणि घटते काय’ ही दोन्ही बाजूंची विचारणा त्यात होती.

पुढे ती एकाच बाजूची झाली, त्याला काळ कारणीभूत आहे. अमेरिकेत १९२९ ची महामंदी आली, तेव्हा देशाचे उत्पन्न नेमके किती घसरले हे सरकारला सांगता येईना. सिनेटने सांगितल्यावरून सायमन कुझनेट्स यांनी १९३४ साली अहवाल दिला. १९२९ ते १९३२ या तीन वर्षांत उत्पन्न निम्म्यावर आल्याचे त्यात दिसले. याच अहवालात कुझनेट्स यांनी बजावले होते की या आकड्यावरून राष्ट्राच्या सुस्थितीचा अंदाज बांधणे कठीण आहे. इशारा कागदावर राहिला. त्यानंतर आले महायुद्ध. किती रणगाडे बनवता येतील आणि नागरिकांसाठी काय उरेल, हे ब्रिटिश सरकारला तातडीने हवे होते; त्यासाठी जेम्स मीड आणि रिचर्ड स्टोन यांनी हिशेबाची चौकट तयार केली. मंदी आणि युद्ध या दोन्ही प्रसंगी प्रश्न होता तो कारखाने किती चालतात याचा. जंगले आणि खाणी किती उरल्या, हे विचारायची तेव्हा कुणाला गरज वाटली नाही.

१९५३ साली संयुक्त राष्ट्रसंघाने स्टोन यांच्या मार्गदर्शनाखाली राष्ट्रीय हिशेबाची प्रमाण पद्धती जाहीर केली आणि नव्याने स्वतंत्र होणाऱ्या देशांनी ती उचलली. भारताने त्याआधीच, १९४९ साली, प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली होती. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव हे तिचे सदस्य. कुझनेट्स आणि स्टोन यांचा सल्लाही या समितीने घेतला होता.

या पद्धतीत यंत्राचा घसारा वजा करण्याची सोय आहे. लाकूड कापणारी करवत झिजली की तिची झीज ‘निव्वळ’ उत्पादन काढताना वजा होते. त्या करवतीने तोडलेले जंगल मात्र वजा होत नाही. उलट लाकडाची पूर्ण किंमत उत्पादनात मिळवली जाते. हा विक्षेप श्रीमंत देशांना फारसा जाणवत नाही, कारण त्यांची बहुतेक मालमत्ता यंत्रे, इमारती आणि कौशल्ये यांत आहे. ज्या देशाकडे मुद्दल म्हणून मुख्यतः माती, पाणी, जंगल आणि खनिजेच आहेत, त्याच्यासाठी ही चूक किरकोळ राहत नाही.

इंडोनेशिया असाच देश. जनरल सुहार्तो यांच्या राजवटीने १९६७ साली परकीय गुंतवणुकीचा आणि जंगलांचा असे दोन कायदे केले, आणि सुमात्रा व कालिमांतानमधील जंगलांचे प्रचंड पट्टे कंपन्यांना तोडीसाठी मिळाले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस उष्ण कटिबंधातील ओंडक्यांचा सर्वांत मोठा निर्यातदार म्हणून हा देश ओळखला जाऊ लागला. १९७३ साली खनिज तेलाच्या किमती भडकल्या, त्याचाही लाभ झाला. या पैशातून शाळा, रस्ते, कालवे झाले हे विसरता कामा नये. सगळा पैसा उधळला गेला असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु वहीत खर्चाचा रकानाच नसल्याने किती मुद्दल घालून किती मिळवले, हे कोणालाच सांगता येत नव्हते.

रेपेटो यांनी तो रकाना कसा भरला, हे वर्गात सहज दाखवता येईल. समजा, एका गावाच्या मालकीची सागाची १००० झाडे आहेत. वर्षात १०० तोडली आणि नव्या वाढीतून २० झाडे तोडणीयोग्य झाली. तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा जाता झाडामागे ५००० रुपये सुटतात. रूढ पद्धतीत ५ लाख रुपये उत्पन्न दिसेल. पण साठा ८० झाडांनी घटला. ८० गुणिले ५०००, म्हणजे ४ लाखांचे मुद्दल गेले. खरे उत्पन्न एक लाख. देशाच्या पातळीवर हीच रीत : वर्षारंभीचा साठा, त्यात वाढ, त्यातून तोड आणि नासधूस वजा, वर्षअखेरचा साठा, आणि फरकाला गुणायचे ते बाजारभावातून काढणीचा खर्च वजा करून उरणाऱ्या रकमेने. या रकमेला अर्थशास्त्रात ‘खंड’ म्हणतात. आपल्याकडे कुळाने जमीनमालकाला द्यायचा तोच हा शब्द, आणि अर्थही जवळचाच : निसर्गाने घातलेल्या भांडवलाचा वाटा.

आता या अहवालातले आकडे थोडे निरखून पाहू, कारण त्यांत एक मौजेचा धडा आहे. सर्व आकडे १९७३ च्या किमतींनुसार, अब्ज रुपियांत आहेत. १९७१ साली अधिकृत उत्पादन ५५४५ होते, दुरुस्त केलेले ६६७१. म्हणजे दुरुस्तीने आकडा वाढला! कारण त्या वर्षी तेलाच्या ज्ञात साठ्यात मोठी भर पडली होती, आणि साठ्यातली घट वजा करायची तर वाढ मिळवायलाही हवी. १९८४ साली अधिकृत १३५२०, दुरुस्त ११,१८६. या दोन टोकांवरून चक्रवाढीने ७.१ आणि ४ टक्के हे दर निघतात. पण आपण १९७१ ऐवजी १९७२ पासून सुरुवात केली तर? त्या वर्षीचे आकडे ६०६७ आणि ५९६७ आहेत. आता दर येतात ६.९ आणि ५.४. दोहोंतील अंतर निम्म्यावर आले. विद्यार्थ्यांनी हे गणित स्वतः करून पाहावे. आरंभीचे वर्ष कोणते निवडले यावर निष्कर्ष किती हलतो, हे त्यातून जितके पटते तितके व्याख्यानातून पटत नाही.

त्याहून विचित्र म्हणजे १९७४ साली दुरुस्त आकडा ९९०१ होता आणि १९७५ साली ६५१०. एका वर्षात देशाचे उत्पन्न एक-तृतीयांशाने घटले, असा त्याचा अर्थ होतो. तसे काही घडलेले कुणा इंडोनेशियनाने पाहिले नाही. तेलाचे शोध लहरीप्रमाणे लागतात, आणि ते सरळ उत्पन्नात मिळवले की आकडा असा उड्या मारतो. टीकाकारांनी यावर बोट ठेवले, ते रास्तच होते. तरीही मला वाटते, या अहवालाचे महत्त्व ४ टक्के या आकड्यात नाही. सरकारी कार्यालयांत उपलब्ध असलेल्या माहितीवरून हा रकाना भरता येतो, हे त्याने करून दाखवले. ‘मोजता येत नाही’ ही सबब त्यानंतर टिकली नाही.

दुसरी एक अडचण इजिप्तचे अर्थशास्त्रज्ञ सलाह अल सेराफी यांनी दाखवली. ज्या देशाकडे फक्त तेलच आहे, त्याचा सगळा खंड झीज म्हणून वजा केला तर त्याचे उत्पन्न शून्य ठरेल. हे काही खरे नाही. त्यांनी १९८९ साली सुचवलेली रीत अशी : खंडाचा काही भाग बाजूला टाकून गुंतवायचा, इतका की तेल संपल्यावर त्याच्या व्याजातून तेवढेच उत्पन्न कायम मिळत राहील. बाजूला टाकायचा हिस्सा म्हणजे (१ + व्याजदर) या संख्येचा (उरलेली वर्षे + १) इतका घात घेऊन त्याने १ ला भागायचे. व्याजदर ५ टक्के आणि साठा २० वर्षे पुरणारा असेल, तर शंभरातले सुमारे ३६ रुपये मुद्दल आणि ६४ उत्पन्न. साठा पाचच वर्षांचा उरला असेल, तर ७५ रुपये बाजूला टाकायचे आणि २५ च खायचे. खाण जितकी संपत आलेली, तितका हात आखडता हवा. प्रत्यक्षात सरकारे नेमके उलटे वागताना दिसतात.

हा विचार अल सेराफींच्या आधी वेगळ्या वाटेने मांडला गेला होता. रॉबर्ट सोलो यांनी १९७४ साली आणि जॉन हार्टविक यांनी १९७७ साली गणिताने दाखवले की संपणाऱ्या खनिजांचा सगळा खंड यंत्रे, इमारती अशा भांडवलात गुंतवला, तर काही अटींवर उपभोग पिढ्यान्‌पिढ्या टिकवता येतो. यातून मोजमापाची दुसरी दिशा निघाली : उत्पन्न किती हे विचारण्याऐवजी एकूण मुद्दल वाढते आहे की घटते आहे हे पाहायचे. डेव्हिड पिअर्स आणि जाइल्स ॲटकिन्सन यांनी १९९३ साली निरनिराळ्या देशांची बचत घेतली, तीतून यंत्रांचा घसारा आणि निसर्गाची झीज वजा केली, आणि बाकी ऋण आली त्या देशाची वाढ टिकाऊ नाही असे ठरवले. जपान यादीच्या वर आला. इथिओपिया, मादागास्कर, माली, नायजेरिया आणि पुन्हा इंडोनेशिया खाली गेले. या यादीवर एक तिखट आक्षेप आला, आणि तो माझ्या मते आजही निरुत्तर आहे. जपान आपले लाकूड आयात करतो. झीज मात्र ज्याचे जंगल तुटते त्याच्या वहीत लागते. विकणारा दोषी आणि विकत घेणारा टिकाऊ, असा हा न्याय.

जागतिक बँकेने १९९० च्या दशकात हीच पद्धत वाढवून ‘खरी बचत’ नावाचा निर्देशांक केला. १९९९ साली कर्क हॅमिल्टन आणि मायकेल क्लेमेन्स यांनी विकसनशील देशांसाठी तो प्रसिद्ध केला. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेची खरी बचत १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून घसरत गेल्याचे त्यातून दिसले. शिक्षकांनी लक्षात घ्यावी अशी एक नोंद यात आहे. राष्ट्रीय हिशेबाच्या रूढ पद्धतीत शिक्षकाचा पगार ‘उपभोग’ म्हणून धरला जातो. शाळेची इमारत गुंतवणूक, पण तीत शिकवणे म्हणजे चालू खर्च. खऱ्या बचतीच्या हिशेबात शिक्षणावरचा चालू खर्च गुंतवणुकीत मिळवतात. खर्च केला म्हणजे शिक्षण झालेच असे नाही, हे आपल्याइतके कुणाला ठाऊक असणार? पण रकाना योग्य जागी आला, हे मान्य करायला हवे.

मुद्दलाचे एक रूप देऊन दुसरे घेता येते, हे या सगळ्यांनी गृहीत धरले आहे. ते कितपत खरे आहे, हे प्रशांत महासागरातल्या नाउरू बेटाने पाहिले. जेमतेम २१ चौरस किलोमीटरचे हे बेट उत्तम प्रतीच्या फॉस्फेटचे बनलेले होते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या शेतांना खत हवे होते. विसाव्या शतकाच्या आरंभापासून खोदकाम चालू झाले. १९६८ साली बेट स्वतंत्र झाले, १९७० साली खाणी स्वतःच्या ताब्यात आल्या, आणि काही काळ दरडोई उत्पन्नात नाउरूचे नाव जगातल्या श्रीमंत देशांत घेतले जाऊ लागले. विशेष म्हणजे हार्टविक यांचा नियम या बेटाने बऱ्याच अंशी पाळला होता. फॉस्फेटच्या पैशाचा एक भाग पुढच्या पिढ्यांसाठी निधीत जात असे. त्यातून मेलबर्नमध्ये १९७७ साली ५२ मजली इमारत उभी राहिली, हॉटेले घेतली गेली, विमान कंपनी निघाली, आणि १९९३ साली लंडनच्या रंगभूमीवर लिओनार्दो दा विंचीवरचे एक संगीत नाटकही या बेटाच्या पैशाने आले. ते लवकरच बंद पडले. निधी गैरव्यवहारांत आणि कर्जांत विरघळला; मेलबर्नची इमारत २००४ साली कर्जापायी विकावी लागली. बेटाचा सुमारे चार-पंचमांश भाग खोदून झाला आहे. तिथे प्रवाळाचे सुळके उरले आहेत, त्यांवर शेती होत नाही. स्वातंत्र्यापूर्वी खोदलेल्या जमिनीबद्दल नाउरूने १९८९ साली ऑस्ट्रेलियाला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले, आणि १९९३ साली १०.७ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर्सवर तडजोड झाली. त्या पैशाने माती परत आली नाही. नाउरूचे कागदावरचे मुद्दल चांगल्या हातांत असते, तरी पायाखालच्या जमिनीची जागा मेलबर्नच्या इमारतीने घेतली असती का?

बोट्स्वानाची हकीगत याहून आशादायक आहे. १९६६ साली स्वतंत्र होताना अत्यंत गरीब असलेल्या या देशात दुसऱ्याच वर्षी हिरे सापडले. हिऱ्यांच्या पैशातून चालू खर्च भागवायचा नाही, असा दंडक सरकारने घालून घेतला, आणि तो पाळला जातो की नाही हे पाहण्यासाठी एक साधे गुणोत्तर ठरवले : गुंतवणूक सोडून होणारा सरकारी खर्च भागिले खनिजांव्यतिरिक्तचे सरकारी उत्पन्न. उत्तर १ पेक्षा कमी असले म्हणजे ठीक. शिक्षण आणि आरोग्य यांवरचा खर्च त्यांनीही गुंतवणुकीत धरला. कोणत्याही मंत्र्याला समजेल असे हे माप आहे, यातच त्याची ताकद. पण हिऱ्यांची मागणी घटल्यावर २०२४ साली तिथली अर्थव्यवस्था आकसली. शाळा आणि रस्ते उभे राहिले तरी हिऱ्यांना पर्याय ठरेल असा धंदा मात्र उभा राहिलेला नव्हता.

मोजले की ते आकडे सगळ्यांना रुचतात असे नाही. चीनने २००६ साली ‘हरित उत्पादना’चा अहवाल काढला, २००४ या वर्षी प्रदूषणाची हानी ५११.८ अब्ज युआन, म्हणजे उत्पादनाच्या ३.०५ टक्के, असे त्यात म्हटले होते. प्रांतवार आकडे प्रसिद्ध होणे प्रांतांच्या अधिकाऱ्यांना नको होते, कारण त्यांची बढती वाढीच्या दरावर ठरत असे. पुढच्या वर्षीचा अहवाल बाहेर आलाच नाही.

भारतात पार्थ दासगुप्ता यांच्या समितीने २०१३ साली हरित राष्ट्रीय हिशेबाची चौकट सुचवली, आणि केंद्रीय सांख्यिकी मंत्रालय २०१८ पासून पर्यावरणाची आकडेवारी वेगळी प्रसिद्ध करते. प्रत्यक्ष पैसा बाजूला टाकण्याची सक्ती मात्र न्यायालयातून आली, तीही आपल्या शेजारी गोव्यात. तिथले लोहखनिज अनेक दशके आधी जपानला आणि नंतर चीनला गेले. बेकायदा खाणकामामुळे २०१२ साली खाणी थांबवल्या गेल्या, आणि एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की खनिजाच्या विक्रीतील दहा टक्के रक्कम पुढच्या पिढ्यांच्या नावे कायम निधीत जमा करावी. अल सेराफींच्या सूत्रात दहा टक्के घातले तर सुमारे ४६ वर्षांचा साठा गृहीत धरल्यासारखे होते. शिवाय ते सूत्र खंडाला लागू आहे आणि दहा टक्के विक्रीच्या किमतीवर आहेत, एवढा फरक ध्यानात ठेवावा.

या सगळ्या निर्देशांकांतून एक गोष्ट अजूनही निसटते, आणि ती महाराष्ट्राच्या जिव्हाळ्याची आहे. जागतिक बँकेच्या खऱ्या बचतीत तेल, कोळसा, धातू, लाकूड यांची झीज धरली जाते. भूजल आणि माती यांची धरली जात नाही, कारण सर्व देशांसाठी तुलना करता येईल अशी माहिती नाही. जे मोजले नाही ते हिशेबात शून्य होते. अवर्षणप्रवण तालुक्यात खोल बोअरवेलवर काढलेल्या उसाची किंमत उत्पादनात मिळते. खाली गेलेली पातळी कुठेच वजा होत नाही. पैशातली किंमत ठरवणे कठीण असेल, पण साठा मोजणे कठीण नाही. पुण्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी नियमित मोजते, आणि शाळेजवळच्या विहिरीत दोरी सोडून महिन्यातून एकदा तेच काम मुले करू शकतात : पावसाळ्यानंतरची पातळी, उन्हाळ्याआधीची पातळी, आणि पाच वर्षांत दर ऑक्टोबरच्या आकड्यांचे काय होते ते.

मार्च २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या सांख्यिकी आयोगाने राष्ट्रीय हिशेबाची नवी प्रमाण पद्धती स्वीकारली. १९५३ नंतर प्रथमच तीत नैसर्गिक साधनांची झीज उत्पादनाचा खर्च म्हणून धरली आहे. साग तोडला, तर निव्वळ उत्पादन काढताना करवतीबरोबर सागही वजा होईल. बहुतेक देशांनी ती २०२९-३० च्या सुमारास अमलात आणावी, अशी अपेक्षा आहे. स्थूल उत्पादनाचा आकडा मात्र पूर्वीसारखाच राहील, आणि वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येतो तो हाच.